चौथी बांधणी

वडगावला तहसील कचेरीशेजारी सेतू केंद्र आहे. तिथल्या दुसऱ्या खिडकीच्या आत मी बसायचे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला... दिवसभर लोक खिडकीतून कागद सरकवायचे, मी ते स्कॅन करून पुढे पाठवायचे. मधे वेळ मिळाला की मांडीवरचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडायचे. वय सव्वीस, परीक्षेचं सहावं वर्ष, आणि घरी आईने स्थळांची वही काढलेली.

तो आला तेव्हा सप्टेंबर निम्मा संपला होता. बाहेर पाऊस होता, पण कंटाळलेला... पडायचं म्हणून पडणारा. त्याने शर्टाच्या आत धरलेली प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून एकामागोमाग एक नऊ फाईली खिडकीत ठेवल्या. स्वतः नखशिखांत भिजला होता. फाईलींना मात्र थेंब लागला नव्हता.

"सगळी तुमचीच?" मी विचारलं.

"मुलं म्हणताय की फाईली?"

"फाईली."

"मग नाही. वाडीतल्या मुलांच्या आहेत. शिष्यवृत्तीला दाखले लागतात."

मी पहिली फाईल उघडली. पन्नास सालाच्या आधीचा पुरावा, पणजोबांच्या नावाचा उतारा, वंशावळ, सगळं ओळीने लावलेलं. लोक चार-चार खेटे घालतात तरी हे कागद पुरे होत नाहीत. मी मान वर केली. तो माझ्याकडेच बघत होता, मास्तरांना वही दाखवल्यावर मुलं बघतात तसा.

"चांगल्या लावल्यात," मी म्हणाले. आणि नेमका सर्व्हर बंद पडला.

एक तास दहा मिनिटं. तेवढ्यात मला त्याच्याबद्दल बरंच कळलं. नाव तुषार. लोणावळ्याच्या वर डोंगरात त्यांची ठाकरवाडी. वाडीतला पहिला पदवीधर. लोणावळ्यात एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षक. बोलताना तो खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवून उभा राहायचा आणि मागून कोणी आलं की बाजूला होऊन त्याला जागा द्यायचा, मग परत येऊन तिथंच उभा.

सर्व्हर आला. मी नऊही अर्ज भरले. पावत्या देताना सवयीने विचारलं, "अजून काही?"

"हो. एक बाई पाहिजे होती."

शेजारच्या खिडकीतले मारुतीकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "ती हितं मिळत न्हाई. पलीकडं विवाह नोंदणीत इचारा."

त्याचे कान लाल झाले. "तसं नाही... आमचं स्काऊट-गाईडचं पथक आहे, तुंगार्लीला. गाईड कॅप्टन होती तिचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. बाई लीडर नसली तर मुलींना कॅम्पला नेता येत नाही. नियमच आहे. मुलं जाणार आणि अकरा मुली घरी बसणार."

"मग जाहिरात द्या."

"दिली की. आत्ता."

मी हसले. हसायला नको होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा मी सहा वर्षं त्याच त्या पुस्तकांत डोकं घालून बसले होते, आणि एका माणसाला माझी गरज होती. दाखल्यासाठी नाही, माझी.

"एकवीस पूर्ण आहेत ना तुम्हाला?" त्याने विचारलं.

"बाईंना वय विचारत नाहीत."

"लीडरला विचारतात."

रविवारी सकाळी मी वडगावहून लोकल पकडून लोणावळ्याला गेले. घरी सांगितलं, समाजसेवा आहे, नोकरीच्या मुलाखतीत विचारतात. पप्पा म्हणाले, "कर, असलं कामाला येतं."

तुंगार्लीत बंगल्यांच्या मागे एक मैदान आहे. शनिवार-रविवारी बंगल्यांत मुंबईचे पाहुणे असतात, गाणी लागलेली असतात. आणि मागे या चिखलात पंचवीस मुलं निळे स्कार्फ घालून ओळीत उभी. त्यातल्या अकरा मुली माझ्या. सगळ्यात पुढे पिंकी. तेरा वर्षांची, वाळक्या शेंगेसारखी बारीक, पण गाठ बांधायला बसली की हात नुसते पळायचे. तिची आई बाया तिथल्याच दोन बंगल्यांत झाडलोट करायची. तुषारच्या वाडीतलीच. पोरीला पथकात पाठवायला ती तयार नव्हती, तुषारने महिनाभर तिच्या उंबऱ्यावर बसून तिला तयार केलं होतं.

मला काहीच येत नव्हतं. शिटीचे इशारे येत नव्हते, सलाम करताना तीन बोटं कुठली ते आठवायचं नाही. मैदान सुटलं की तुषार मला थांबवून घ्यायचा. दोन बांबू एकमेकांवर आडवे ठेवायचे आणि दोरीने असे आवळायचे की वर माणूस चढला तरी हलू नयेत. याला बांधणी म्हणतात.

"तुम्ही दोरीशी भांडताय," तो म्हणाला.

"मग काय करू, लाड करू?"

"थोडे केलेत तर चालतील."

माझ्या हातावर हात ठेवून त्याने फेरा आवळला. मग हात काढला नाही... म्हणजे काढला, पण लगेच नाही. तेवढा वेळ आम्ही दोघंही दोरीकडेच बघत होतो.

"आणि हे कायम लक्षात ठेवा," तो म्हणाला. "बांधणी कितीही छान दिसली तरी मूल वर चढायच्या आधी लीडरने स्वतः लोंबकळून बघायचं. प्रत्येक बांधणीला. डोळ्यांनी बघितलेलं धरत नाहीत."

त्याने स्वतः त्या बांबूला लोंबकळून दाखवलं. बांबू हलला नाही. मी बांधला होता. मला इतका आनंद झाला की परतीच्या लोकलमध्ये मी वडगाव सोडून पुढे तळेगावला उतरले.

ऑक्टोबरात सात दिवसांचं प्रशिक्षण करून आले. परतल्यावर वचनविधी झाला. मुलांसमोर मी वचन म्हटलं. तुषारने माझ्या गळ्यात स्कार्फ घातला, त्याची टोकं सारखी केली, जरा जास्तच वेळ सारखी केली, आणि हात पुढे केला. मी उजवा हात दिला.

"डावा, कॅप्टन."

"का?"

"हृदयाच्या जवळचा असतो, असं सांगतात."

"कोण सांगतं?"

"मीच. पोरांना."

त्या दिवसापासून मी त्याची कॅप्टन झाले. फोनवरही कॅप्टन. 'कॅप्टन, जेवलात का?' 'कॅप्टन, आज खिडकीत किती लोक रडवले?' मग कधीतरी 'जेवलीस का' झालं, कोणी ठरवून केलं नाही. आई एकदा म्हणाली, "कोणाचा फोन असतो गं रोज?" मी म्हणाले, "पथकाचं काम." "तो वाडीवरचा आहे ना?" आईने विचारलं. आवाज वर नाही, खाली नाही. मी हो म्हणाले आणि ताटं घ्यायला उठले. एवढंच. त्याच्याविषयी घरात झालेलं तेवढंच बोलणं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. माझं नाव निवड यादीत होतं. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी. पप्पांनी गावभर पेढे वाटले. मी पहिला फोन तुषारला केला. तो म्हणाला, "आता माझ्या फाईलींवर तूच सही करणार." मी म्हणाले, "नीट लावलेल्या असल्या तर." कागदपत्रं, पोलीस पडताळणी, वैद्यकीय, मग नेमणूक. दोन-तीन महिने लागणार होते.

आणि डिसेंबरच्या शेवटी कॅम्प लागला. पवनेच्या पाण्याकाठी, तीन दिवस. अकराही मुली आल्या.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे पाहुणे चारला येणार होते. त्यांना दाखवायला पिंकीच्या संघाने बांबूचा मनोरा उभा केला होता, माणसाच्या दीडपट उंच, वर चढून झेंडा लावायचा. चार खांब, वरच्या आडव्या बांबूच्या चार मोठ्या बांधण्या. बांधल्या मुलींनीच. तपासायच्या होत्या मी. माझ्याकडे कागद होता, प्रत्येक बांधणीपुढे खूण करून खाली सही करायची.

पहिलीला लोंबकळले. दुसरीला लोंबकळले. तिसरीला लोंबकळताना तळहाताचं सालपट निघालं. तेवढ्यात तुषार दोन कप चहा घेऊन आला. उन्हाने त्याचा चेहरा तांबडा झाला होता. त्याने माझा तळहात उलटा करून बघितला, फुंकर मारली. जवळपास कोणी नव्हतं.

"कॅम्प संपला की तुला एक विचारायचंय," तो म्हणाला.

"आत्ता विचार."

"आत्ता नाही. गणवेशात असलं विचारत नाहीत."

असं म्हणून तो हसत तंबूंकडे गेला. जाता जाता वळून म्हणाला, "मनोरा झाला बघून?"

"हो," मी म्हणाले. "झाला."

चौथी बांधणी मी खालून बघितली. फेरे एकसारखे होते, छान दिसत होते. मी चहाचा कप खाली ठेवला, चौथ्या ओळीपुढे खूण केली, सही केली. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. खरंच सांगते, मी एक ओळ गुणगुणलेसुद्धा.

पावणेचारला पिंकी झेंडा घेऊन वर चढली. वरून तिने मला हाक मारली, "मॅडम, तुमचं घर दिसतंय का बघू?" मी हात हलवला. ती एका कोपऱ्याकडे सरकली आणि दोरी सुटल्याचा आवाज आला. कपडा घासतो तेवढाच आवाज. बांबू फिरला. पिंकी डाव्या हातावर पडली.

ती ओरडली नाही. कोपर भलत्याच बाजूला वळलेलं, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझी गाठ सुटली वाटतं."

जीपमध्ये मागे पिंकी झोपवलेली, तिचं डोकं माझ्या मांडीवर, शुद्ध येत-जात होती. तुषार पुढे ड्रायव्हरशेजारी होता. तळेगावच्या अलीकडे त्याने मान वळवून हळू विचारलं, "चौथीला लोंबकळली होतीस?"

मी मान हलवली. नाही.

तो समोर बघायला लागला. मग तसंच समोर बघत म्हणाला, "कोणी विचारलं तर मी सांगेन, बांधण्या मी तपासल्या. तो कागद मी फाडला. तुझी पडताळणी व्हायचीय."

मी काही बोलले नाही. खिडकीबाहेर उसाची गुऱ्हाळं गेली, एक पेट्रोल पंप गेला. मला वाटलं, आधी पोरगी नीट होऊ दे, मग बोलू. नंतर बोलू.

कोपराचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. नस दबली होती. दोन शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडून होईल ते सगळं केलं. हात राहिला, पण सरळ होईना. शेवटची दोन बोटं आत वळली ती वळलीच.

जानेवारीत पुण्याला स्काऊट-गाईडच्या जिल्हा कार्यालयात चौकशी झाली. एका टेबलापलीकडे तिघं बसलेले. तुषारने लिहून दिलं, "चौथी बांधणी मी तपासली नाही, चूक माझी." मग मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तुषार माझ्याकडे बघत नव्हता. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. मी म्हणाले, "नाही."

त्याचं नाव लीडरच्या यादीतून काढलं. शाळेने एप्रिलनंतर त्याचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. वाडीतल्या आयांनी पोरं पाठवायची बंद केली, मग तुंगार्लीतल्यांनीही. पथक मोडलं. मला मार्चमध्ये नेमणूक मिळाली. पवनेच्या वरच्या अंगाला एक गाव, कचेरीत माझी खुर्ची, माझी सही. लोक मला मॅडम म्हणायचे. पप्पांनी मला स्कूटी घेऊन दिली.

तुषार फोन उचलायचा नाही. मी रोज करायचे, मग दोन दिवसांनी, मग आठवड्यातून. खरं सांगायचं तर त्याने उचलला नाही की मनात कुठेतरी हलकं वाटायचं. बोलावं लागलं नाही म्हणून. त्या हलकेपणाचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मे महिन्यात मारुतीकाकांचा फोन आला. "तुमचा स्काऊटवाला आलता दाखला काढाया. भिवंडीला चाललाय म्हनं, गोदामात. परवा निघायचाय. म्हनलं, सांगावं तुमाला."

मी रजा टाकली. तुषारला निरोप पाठवला, तुंगार्लीच्या धरणावर ये, नाही आलास तर वाडीवर येते. तो आला. दुपार कलली होती, पाणी खूप खाली गेलं होतं, काठाची माती भेगाळलेली. तो वाळला होता. शेजारी बसला, पण मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"चार महिने फोन उचलला नाहीस," मी म्हणाले.

"उचलला असता तर काय बोलली असतीस?"

मी मातीचा एक खडा उचलून पाण्याकडे टाकला.

"जीपमध्ये मी म्हणालो ना, मी तपासल्या असं सांगेन," तो म्हणाला. "तेव्हा मनातून वाटत होतं, तू नको म्हणशील. भांडशील. मग मी तुला समजावीन, असं सगळं मी मनात जुळवलं होतं. मी वाट बघत होतो... तळेगावपर्यंत. मग चौकशीच्या दिवशी पण बघितली."

"मी घाबरले होते."

"माहितेय. म्हणून तर मी सांगितलं. तुला वाचवायचंच होतं मला, खोटं नाही. पण तू इतक्या लगेच ऐकशील असं वाटलं नव्हतं."

खाली पाण्यात म्हशी बसल्या होत्या. पलीकडच्या बंगल्यात कोणाचातरी वाढदिवस होता, माईकवर नावं घेत होते.

"गोदामात का?" मी विचारलं. "दुसरी शाळा बघ. तुला मुलांशिवाय..."

"मला आता मुलं नकोत." त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं. "पिंकी रोज येते माझ्याकडे. विचारते, 'सर, माझीच गाठ सुटली ना?' मी म्हणतो नाही, मी तपासली नव्हती. ती म्हणते, 'खोटं. तपासायच्या वेळी तुम्ही तर स्वयंपाकाच्या तंबूत होता, तुमच्या हातात चहाचं पातेलं होतं, मी बघितलंय. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलता.' तिला पटत नाही, अमृता. तिला पटायचं असेल तर खरं सांगावं लागेल. आणि खरं सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागेल. ती बोटं दुसऱ्या हाताने सरळ करत बसते आणि मी तिथून उठून जातो. असं किती दिवस उठून जाऊ?"

मी रडले. त्याने मला रडू दिलं. हात पुढे केला नाही.

"तू मला काहीतरी विचारणार होतास," मी म्हणाले. "कॅम्पनंतर."

"आता कशाला."

"मला ऐकायचंय."

"तुझ्या घरी यायचं होतं. तुझ्या वडिलांना भेटायला. येऊ का, एवढंच विचारणार होतो." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "काय म्हणाली असतीस?"

मी हो म्हणाले. पण त्याआधी माझ्या डोळ्यांसमोर आमचं अंगण आलं, पप्पांची खुर्ची आली, ताटं घ्यायला उठलेली मी आले. एक श्वास जाईल एवढाच उशीर झाला. त्याने तो बघितला. तो माणसांना फार नीट बघायचा.

"बरं," तो म्हणाला, आणि हसला. त्याचं ते हसणं मला अजून दिसतं.

"मी उद्या सगळं लिहून देते," मी म्हणाले. "खरं काय ते. नोकरीचं जे व्हायचं ते होऊ दे. तू थांब."

"लिही. पिंकीसाठी लिही. मी थांबावं म्हणून नको लिहूस."

तो उठला. मी डावा हात पुढे केला. मला दुसरं काही सुचलं नाही. त्याने तो हातात घेतला, क्षणभर घट्ट धरला आणि सोडून धरणाच्या भिंतीवरून चालत गेला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला त्याच कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला. तिथल्या माणसाने दोनदा वाचला. "चौकशी बंद झालीय मॅडम. तुमची नेमणूकही झालीय. आता कशाला?" मी म्हणाले, घ्या. त्याने शिक्का मारून पोच दिली. माझ्या कचेरीतही मी नंतर एक प्रत दिली. साहेबांनी ती फाईलला लावली. पुढे काही झालं नाही. ना मला कोणी बोलावलं, ना त्याचं नाव परत यादीत आलं. मी शिक्षेची तयारी करून गेले होते, ती कोणी दिलीच नाही.

पुण्याहून परतले त्याच दुपारी मी वाडीवर गेले. स्कूटी खाली ठेवून वर चालत. बायामावशी दारात सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या, पिंकी आत भिंतीला टेकून. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मनोरा मी तपासायचा होता. तिसऱ्या बांधणीपर्यंत तपासला. चौथी तपासली नाही आणि तपासली म्हणून सही केली. तुषारने माझं स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

बायामावशी सूप हलवायच्या थांबल्या.

"आन् आज सांगाया आलीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"पाच म्हैनं झालं. पोरगी झोपंत बरळती, माजी गाठ, माजी गाठ. मी तिला म्हनायची, आसंल बाई, तुजीच चूक आसंल, गप नीज." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी म्हनायची, आई आसून. आन् त्या तुषारच्या दारात उभं ऱ्हाऊन मी त्याला काय काय बोललीया. त्याच्या आईपुढं. तो एक शबुद बोलला न्हाई."

पिंकी दाराशी आली. उंच झाली होती. डावा हात पोटाशी धरलेला. "पण मॅडम, गाठ तर मीच बांधली होती," ती म्हणाली.

"बांधायचं काम तुझं होतं, पिंकी. गाठ कोणाचीही सुटू शकते. म्हणून तर लीडर लोंबकळून बघतात. बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. तुझी चूक नव्हती."

हे तिला खरं वाटलं, चेहऱ्यावरून कळलं. तिचे खांदे जरा खाली आले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं.

मी म्हणाले, "मला भीती वाटली. माझी नोकरी जाईल म्हणून."

तिने मान डोलावली, एखादा अवघड धडा ऐकून घ्यावा तशी, आणि आत गेली. बायामावशी म्हणाल्या, "जा बाई आता." बस म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही. मी जाताना त्यांच्या पायाला हात लावायला वाकले, त्यांनी पाय मागे घेतले.

तुषार सकाळीच गेला होता. त्याच्या घराला कडी होती.

उतारावर एका वळणावर फोनला रेंज येते. तिथं थांबून मी त्याला फोन लावला. ऊन अजून होतं, करवंदीच्या जाळ्यांत कोणाच्या तरी शेळ्या होत्या. तीन वेळा वाजला आणि त्याने उचलला. मागे ट्रक आल्या-गेल्याचे, कोणीतरी माल मोजल्याचे आवाज.

"सांगितलं," मी म्हणाले. "पिंकीला. मावशींना."

"पिंकीला पटलं?"

"पटलं."

त्याने श्वास सोडला, मला ऐकू आला. "बरं केलंस."

"तुषार, माझं तुझ्यावर..." पुढचं मला बोलता आलं नाही. इतके दिवस आम्ही थट्टेत सगळं बोललो होतो, नीट असं कोणी काही म्हटलंच नव्हतं. "मी पप्पांशी बोलते. आजच बोलते. तू सांग फक्त."

पलीकडे कोणीतरी त्याला नाव घेऊन हाक मारली. त्याने हाताने फोन झाकून काहीतरी सांगितलं, मग परत आला.

"अमृता," तो म्हणाला. कॅप्टन नाही, अमृता. आणि मग त्याच्या वाडीच्या बोलीत, माझ्याशी तो कधीच बोलायचा नाही तसं, अगदी हळू म्हणाला, "तू मला लय आवडायचीस."

आवडायचीस. मी ते मनात पुन्हा म्हणून बघितलं. दुसरं काही निघतंय का बघितलं. नाही निघालं.

"ठेवतो," तो म्हणाला.

पण त्याने लगेच ठेवला नाही. मीही नाही. ट्रकचा आवाज येत राहिला, त्याच्याकडे बहुतेक शेळ्यांच्या घंटांचा जात असेल. मग एकदम काहीच ऐकू येईनासं झालं. मी फोन कानापासून काढून बघितला, तर कॉल संपून गेला होता.